अकरा एकांचा आकडा

"मेंढरं हाईत कुठं आता, मोजाय?" एवढंच राहीबाई म्हणाली आणि सूप पुढं ओढून पुन्हा ज्वारी निवडू लागली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. नवऱ्यानं, धुळानं, आवाज चढवला असता, तिनं भांडं आपटलं असतं आणि सांगलीच्या खणभागातल्या त्या दोन खोल्यांत रविवार सकाळ नेहमीसारखी पार पडली असती. पण ती अगदी साधं विचारावं तसं बोलली, आणि धुळाच्या हातातलं पेन कागदावर टेकलं ते टेकूनच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला. घडलं होतं ते असं. शाळेच्या गणित फलकासाठी तो मजकूर लिहीत होता. एकापुढं एक असे अकरा एक, आणि खाली, ‘ही मूळ संख्या आहे. हिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही.’ चौथी शिकलेली राहीबाई मान वाकडी करून वाचत होती. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. "ह्येला कशानंच भाग जात न्हाई?" "नाही." "कशावरनं?" आणि यावर धुळाच्या, म्हणजे डी. जे. खिलारे, बी.एस्सी., बी.एड., सांगलीतल्या एका हायस्कुलात चौदा वर्षं गणित शिकवणारे, यांच्या तोंडून निघालं, "तुला काय करायचंय? तू जा, मेंढरं मोज."

वाक्य त्याचं नव्हतंच. ते साताऱ्याचं होतं, तेवीस वर्षांपूर्वीचं. आटपाडीकडच्या माळावरून उचलून साताऱ्याच्या वसतिगृहात आणून ठेवलेला पंधरा वर्षांचा धुळा, अंगात मापापेक्षा मोठा सदरा, आणि फळ्यावर गणिताच्या मास्तरांनी काढलेले हेच अकरा एक. मास्तर हुशार होते, यात वाद नाही. फळ्याकडं न बघता वर्तुळ काढायचे. त्यांनी सांगितलं, ही मूळ संख्या, आणि सगळ्या वर्गानं उतरवून घेतलं. धुळा उभा राहिला. "कशावरनं, सर?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मास्तरांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तू मेंढरं मोजायला जा." वर्ग खदखदून हसला. धुळाही हसला, कारण न हसता उभं राहणं फार अवघड होतं. मग महिनाभर त्यानं गुपचूप भागाकार केले, तीननं, सातनं, तेरानं, पार हजारापर्यंत. भाग जाईना. दमला. एवढे मोठे मास्तर सांगतात म्हणजे असेलच, असं म्हणून त्यानं वही मिटली. आणि पुढं स्वतः मास्तर झाल्यावर चौदा वर्षं, वर्गामागून वर्ग, ‘ही मूळ संख्या’ हेच वाक्य त्याच ठसक्यात सांगितलं. आज त्याच्या तोंडून उरलेलं वाक्यही निघालं. विद्या अशी पुरी झाली.

तो कागद त्यानं फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि सोमवारी फलकावर पायथागोरस लिहून वेळ मारून नेली. पण डोक्यातून जाईना. वर्गात त्रैराशिक शिकवताना, सायकलच्या दुकानात हवा भरताना, आयर्विन पुलावरून खाली कृष्णेच्या पाण्याकडं बघताना मनात तेच यायचं, की आपल्याला हे माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. आपल्याला गणित येतं, की आपण नुसते गणिताच्या खुर्चीवर बसलोय? खुर्ची काय, कुणालाही बसवता येतं. जगात कुणीतरी हा आकडा केव्हाच फोडला असेल किंवा फुटत नाही हे दाखवलं असेल, कुठल्या तरी जाड इंग्रजी पुस्तकात छापलंही असेल. पण पुस्तकातून उचललेलं उत्तर म्हणजे पुन्हा मास्तरांचंच उत्तर. त्याला स्वतःच्या हातानं बघायचं होतं. नाहीतर उरलेली वीस वर्षं फळ्यापुढं उभं राहताना रोज आतून हाक येणार, ‘कशावरनं?’, आणि रोज खाली मान घालावी लागणार.

मेंढरं मोजणं ही काय थट्टेची गोष्ट होती? धुळाचा बाप जोतिबा कळपाचा आकडा कधी तोंडातून काढायचा नाही. आकडा काढला की एखादं कमी होतं, असं त्या माळावर सगळेच मानत. पण मोजल्यावाचून तर भागत नाही. म्हणून दिवस कलला की वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी घरातली चार माणसं उभी राहायची. बाप दोन-दोननं मोजायचा, आई तीन-तीननं, चुलता पाच-पाचनं, आणि धुळाच्या वाट्याला सात. किती झाली ते कुणी ध्यानात ठेवायचं नाही. शेवटी उरली किती, तेवढंच सांगायचं. "एक." "दोन." "तीन." "तीन." असं आलं की कळप पुरा, वाघर बंद. साताऱ्यात एका दुपारी धुळाच्या ध्यानात आलं की दोनशे दहाच्या आत असे शेष सोडणारा आकडा एकच आहे, एकशे त्रेचाळीस. बापाची मोजणी चुकायला दोनशे दहा मेंढरं एकदम नाहीशी व्हावी लागली असती, आणि तेवढी तर कळपातही नव्हती! अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी केवढी पक्की मांडणी केली होती, आणि तीही आकडा न उच्चारता. दिवाळीला घरी गेल्या गेल्या त्यानं आनंदानं सांगून टाकलं, "दादा, आपली मेंढरं एकशे त्रेचाळीस." बापाचं तोंड पडलं. मारलं नाही, ओरडला नाही. सकाळी उठून एक कोकरू मावसभावाला देऊन आला. म्हणाला, "आकडा मोडाय पायजे हुता." बहात्तरच्या दुष्काळात तो सगळा कळप गेला. बाप त्याआधीच गेला होता. मेंढरं दुष्काळानं मेली हे बी.एस्सी. झालेल्या धुळाला नीट कळत होतं. तरी आत कुठंतरी त्याला वाटायचं की आकडा आपण उच्चारला होता.

आठवड्यानं त्यानं पुन्हा भागाकार सुरू केले. शाळा सुटल्यावर, दिवेलागणीच्या आत, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. राहीबाई दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी चहा ठेवून तिथंच बसली. "ह्ये कसं करताय, मला दावा." त्यानं दाखवलं, कारण माफी मागायची दुसरी रीत त्याला येत नव्हती. भाग द्यायचा आकडा घ्यायचा, त्याची एकपासून नऊपर्यंत पाढ्याची चिठ्ठी करायची. मग एक मांडायचा, दहापट करून त्यात एक मिळवायचा, भाग द्यायच्या आकड्याएवढं निघेल तितकं काढून टाकायचं. उरेल त्याची पुन्हा दहापट, पुन्हा एक. असं करत अकरा एक संपवायचे आणि शेवटी उरलं काय ते बघायचं. "मंजे जाळीतनं सोडायची, मोजत," राहीबाई म्हणाली. तिच्या माहेरी कळप मोठा होता म्हणून चारावर आणखी एक मोजणी असायची, अकराची, आणि ती हिच्याकडं असे. तिनं पदर खोचला आणि सतरानं भाग देऊन दाखवला. बरोबर होता. धुळानं वीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडं पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं.

वाट सापडली तीही तिच्यामुळंच. हाताला वळण लागावं म्हणून धुळानं तिला धाकटे आकडे दिले होते. पाच एकांचा आकडा फुटला, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. सात एकांचाही फुटला, दोनशे एकोणचाळीस आणि चार हजार सहाशे एकोणपन्नास. कागद समोर धरून राहीबाई बोटं मोडत बसली होती. "आवं, ह्यातला एक म्होरक्या बाजूला काढला की बाकीचा कळप बराबर बसतुया." "म्हणजे?" "एक्केचाळीसातला म्होरक्या काढा, चाळीस. पाचानं पुरं. दोनशे सत्तरबी पाचानं पुरं. आन् ह्ये साताचं बघा, दोनशे अडतीस, सातानं पुरं. त्ये दुसरंबी." धुळानं बघितलं. चार हजार सहाशे अठ्ठेचाळीस, सात गुणिले सहाशे चौसष्ट. मग अकरा एकांना भाग जाणारा कुणी असेलच, तर त्यातून एक काढल्यावर अकराचा भाग गेला पाहिजे! पण असं का? पुन्हा तोच प्रश्न, आणि आता तो विचारणारा आणि ज्याला विचारायचा तो, दोन्ही आपणच. चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी घाटावर पायरीवर बसला असताना, समोर बायका कपडे बडवताहेत, एक म्हैस पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही, आणि त्याला एकदम दिसलं. दहापट करत आणि भाग काढत गेलं की शेष फिरून फिरून पहिल्या ठिकाणी येतात. अकरा एकांना जो भागेल त्याच्या घरी हा फेरा अकरा पावलांचाच असणार. आणि त्याचे जेवढे म्हणून शेष, एक शून्य सोडून, ते सगळे अशा अकरा-अकराच्या फेऱ्यांत वाटले जाणार. एकही एकटा भटकू शकत नाही. सगळेच्या सगळे अकराच्या टोळीत! धुळा पायरीवर एकटाच मोठ्यानं हसला. म्हशीवाल्यानं विचारलं, "काय झालं, गुरुजी?" "काही नाही, समदी बराबर बसली," धुळा म्हणाला. किती वर्षांनी ‘समदी’ म्हणाला होता. इतका आनंद नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता.

मग काय, कामाला जोर चढला. मूळ आकडा विषम, एक काढल्यावर त्याला दोननंही भाग जाणार, तेव्हा बावीसनं भागून एक उरेल असे मूळ आकडेच तेवढे बघायचे. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव. फार तर एक लाख साडेपाच हजारांपर्यंत, कारण आकडा फुटणार असेल तर जोडीतला धाकटा त्याच्या आतच गवसणार. असे उमेदवार हजारेक निघत होते. हजार भागाकार म्हणजे डोंगर, पण बघून येण्याजोगा डोंगर. अर्धे त्यानं घेतले, अर्धे तिनं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. उत्तरपत्रिकांच्या पाठी भरत चालल्या, तागाच्या सुतळीनं बांधलेले गठ्ठे कपाटावर चढले. शेजारणी विचारायच्या, "राहीबाई, बाहेरनं परीक्षेला बसताय जणू?" ती म्हणायची, "व्हय की." कधी शेवटचा शेष इतका बारका यायचा की दोघं श्वास धरायची, पण शून्य काही येईना. दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. राहीबाईचा प्रत्येक कागद धुळा पुन्हा तपासायचा. "आन् तुमचं कोण तपासणार? दोघांनी मोजल्याबिगर वाघर लावत न्हाईत," ती म्हणायची. "माझं मी बघतो," धुळा म्हणायचा. चौदा वर्षांची मास्तरकी एका पावसाळ्यात थोडीच जाते! तीस हजार ओलांडले तेव्हा त्याला मनातून वाटायला लागलं की साताऱ्याचे मास्तर बरोबरच होते. आणि गंमत म्हणजे आता त्याचं वाईट वाटत नव्हतं. बरोबर तर बरोबर. पण आता ते आपण सांगू.

एप्रिलात पेपर तपासणीसाठी त्याला साताऱ्याला जावं लागलं, आठ दिवस. एका शाळेच्या लांब वर्गात चाळीस गणिताचे परीक्षक, समोर टेबलाशी मुख्य परीक्षक निकम, पांढरी टोपी, बोलणं कमी. बाहेर अजिंक्यताऱ्याचा उतार वाळून पिवळा पडलेला. पहिल्याच संध्याकाळी धुळा आपल्या जुन्या वर्गाशी जाऊन आला. खिडकीतून आत बघितलं. फळा नवा होता. मास्तर जाऊन दहा वर्षं झाली होती, त्यांना दाखवायला आता काही उरलं नव्हतं. तो वाट बघत होता आतून काहीतरी कढ येईल म्हणून, पण आलं ते एवढंच की भूक लागली आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यानं मिसळ खाल्ली आणि शांत झोपला. इतकी वर्षं ज्याला घाबरलो, ती एक खिडकी होती फक्त.

सातव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, वर्गाच्या दारात राहीबाई उभी होती. हिरवं लुगडं, डोईवर पदर, हातात पिशवी, पायावर एस्टी स्टँडची धूळ. कोण गेलं? धुळा अर्धवट उठला. चाळीस माना दाराकडं वळल्या, आणि राहीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं, तुमच्या कागदात चूक हाय."

हशा पिकला. गणिताच्या परीक्षकाला बायको येऊन चूक दाखवते, यापेक्षा विनोदी काय असणार! धुळाच्या कानशिलात रक्त चढलं. हा हसण्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, याच गावातला. तिला हाताला धरून बाहेर न्यावं, गप्प करावं, असं त्याच्या मनात आलं, नाही म्हणत नाही. तोवर तिनं पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढं धरलाही होता. "तुमी गेल्यावर तुमची समदी परत मोजली मी, पयल्यापास्नं. ह्यो बघा. आठ हजार चारशे त्रेचाळीसच्या जागी तुमी तेहेतीस मांडलंय. म्हणून तुमचं वीस हजार सहाशे एकोणपन्नास उरलं." धुळानं बघितलं. अक्षर त्याचंच होतं. चूक त्याचीच होती. एका चाराच्या ठिकाणी तीन. आणि मग पुढचं त्याच्या ध्यानात आलं, आणि हसू ऐकू यायचं थांबलं. "आन् त्रेचाळीस धरल्यावर?" त्यानं विचारलं. आवाज निघाला तो कुजबुजीएवढा. राहीबाईनं नुसती मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

"फळ्यावर ये," धुळा म्हणाला. निकम काही बोलायच्या आत त्यानं खडू तिच्या हातात दिला होता. वर त्यानं अकरा एक काढले, बाजूला एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. राहीबाईनं आधी चपला दाराशी काढून ठेवल्या. मग उभी राहिली आणि एकेक एक खाली उतरवू लागली, माळावरच्या त्याच एकसुरी आवाजात. "एक लाख अकरा हजार एकशे अकरा. पाच येळा गेलं. उरलं दोन हजार आठशे सहासष्ट." एकदा गेलं, उरलं सात हजार बारा. तीनदा गेलं, उरलं पाच हजार एकशे चौऱ्याहत्तर. दोनदा गेलं, उरलं आठ हजार चारशे त्रेचाळीस. इथं तिनं नवऱ्याकडं एक नजर टाकली. वर्गात कुणी हसत नव्हतं. पुढच्या बाकावरचे दोघं आपापल्या कागदावर तिच्याबरोबर मांडत होते. तीनदा गेलं, उरलं एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी. आता शेवटचा एक. "एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस," राहीबाई म्हणाली. "नऊ येळा." आणि नऊपट खाली मांडली. आकड्याखाली आकडा, तोच, जसाच्या तसा. तिनं रेघ ओढली आणि रेघेखाली शून्य काढलं, चांगलं मोठं, भाकरीएवढं.

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा वर्गच वाजवू लागला. निकम टेबल सोडून फळ्याशी आले, चष्मा पुसला, आकडे वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. "अहो, हा आकडा आम्ही मूळ म्हणून सांगत आलो," ते पुटपुटले. "हे काढलं कुणी? खिलारे, तुम्ही?" धुळाला एक क्षण मोह झाला. पद्धत दोघांची, महिने दोघांचे, घाटावरची ती दुपार तर त्याची एकट्याची. कुणाला काय कळणार होतं? पण तो क्षण आला तसा गेला, आणि त्यामागून जी खुशी आली ती छातीत मावेना. "न्हाई, साहेब," तो म्हणाला, आणि आपण कुठल्या भाषेत बोलतोय याची त्याला फिकीर राहिली नाही. "माज्या तर हातात येऊन निसटला हुता ह्यो. धरला हिनं. राहीबाई धुळा खिलारे. चौथी पास."

निकमांनी फळ्यावरचे भागाकाराचे आकडे एका ओळीत वाचले. पाच, एक, तीन, दोन, तीन, नऊ. "म्हणजे जोडीदार पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस," ते म्हणाले. "हा मोठा दिसतोय. याचेही तुकडे पडत असतील. ते बघायला आणखी एक वर्ष लागेल, बाई."

"त्येचं तुकडं पडायचं न्हाईत," राहीबाई म्हणाली.

निकमांनी भुवया वर केल्या. धुळानंही तिच्याकडं बघितलं, कारण हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही अजून सुचलं नव्हतं. राहीबाईनं हातावरचा खडू पदराला पुसला. "त्येचं तुकडं पडलं असतं, तर त्यातला धाकटा तुकडा सात-आठशेच्या आतच असता. आन् त्येला जो लागतुया त्यो ह्या अकरा एकांनाबी लागणारच की. ह्या एकवीस हजारांच्या आतला एकबी लागत न्हाई. समदं दोघांनी मोजलंय. मोजूनच एस्टीत बसली मी."

निकमांनी खडू उचलला, काहीतरी मांडायला गेले, आणि मध्येच थांबून खडू परत खाली ठेवला. आपली टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "बाई," ते म्हणाले, "परत एकदा सांगा. सावकाश." चाळीस जणांनी समोरचे गठ्ठे बाजूला सारून कोरा कागद पुढं घेतला. धुळा फळ्यापासून खाली उतरला, पहिल्या बाकावर सरकून जागा केली आणि पेन काढून बसला.